जुने कौलारू छप्पर, नवी स्लॅबची भिंत आणि त्यांच्या सांध्यातली गळती

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमेश्वर तालुक्यातील आजोबांच्या जांभ्याच्या कौलारू घराला सहा वर्षांपूर्वी स्लॅबची एक खोली जोडली. त्या खोलीची भिंत जुन्या कौलांच्या वर साधारण दीड हात चढलेली आहे. तेव्हापासून दर पावसाळ्यात जुन्या घरात, नव्या भिंतीलगत पाणी उतरते. गवंड्याने तीनदा सिमेंटची गोलाई मारून सांधा बंद केला, गेल्या वर्षी त्यावर वॉटरप्रूफिंगचे द्रावणही लावले, आणि प्रत्येक वेळी पहिला पाऊस कोरडा गेला तरी जुलैपर्यंत गळती परत आली. आता एक कंत्राटदार सगळ्या कौलांवरून पत्र्याची शेड उभारायचा सल्ला देत आहे. ती करावी का, की यापेक्षा चांगले द्रावण मिळेल, असे आपण विचारले आहे.

गेली पंचवीसएक वर्षे मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करतो. त्या अनुभवावरून प्रथम हे सांगतो की आपल्याकडे चुकले ते द्रावण निवडताना चुकलेले नाही. सांधा चिकटवून बंद करता येईल हे गृहीतकच चुकीचे आहे. आपल्या घरात दोन वेगवेगळ्या इमारती एकमेकींना टेकून उभ्या आहेत. एक लाकडाची आणि कौलांची, दुसरी काँक्रीटची. ऐन, किंजळ किंवा फणसाचे वासे ऑगस्टमध्ये फुगतात आणि एप्रिलमध्ये वाळून आखडतात. स्लॅब मे महिन्याच्या उन्हात प्रसरण पावतो आणि पहिल्या सरीने एकदम थंड होतो. नव्या खोलीचा पाया वेगळा असल्यामुळे सुरुवातीची काही वर्षे ती आपल्या गतीने किंचित खचत असते, तर जुने घर केव्हाच स्थिरावलेले असते. या दोघींच्या मधे जी सिमेंटची गोलाई भरली जाते ती दोघींपेक्षाही ताठर असते, त्यामुळे ती कुठल्या तरी एका बाजूने सुटतेच. सुटताना पडलेली फट केसाएवढी असली तरी पुरते, कारण एवढ्या बारीक फटीत पाणी केवळ वाहत नाही, तर ओढले जाते. एकदा आत गेलेले पाणी लवकर वाळतही नाही.

म्हणून अशा जागी पाणी अडवण्याचा विचार सोडून ते सांध्यावरून पुढे नेऊन सोडण्याचा विचार करावा लागतो. कौलारू छप्पर स्वतः याच तत्त्वावर चालते. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढून जे कौल आपल्याकडे रूढ केले, त्याच्या कडांना खोबणी आहेत आणि वरचे कौल खालच्यावर चढते. दोन कौलांच्या मधे कुठेही सिमेंट किंवा डिंक नसतो, तरी पाऊसभर घर कोरडे राहते. हेच काम छप्पर आणि भिंत यांच्या सांध्यावर करणाऱ्या पत्र्याच्या पट्टीला फ्लॅशिंग म्हणतात. आमचे कामगार तिला नुसतेच पट्टी म्हणतात. आपल्या वर्णनावरून तरी ही पट्टी आपल्या घराला कधी बसवलेलीच दिसत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण आपल्या प्रश्नात एक महत्त्वाची माहिती राहून गेली आहे. पाख्याचा, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूचा, उतार भिंतीच्या संदर्भात कोणत्या दिशेने आहे? भिंत पाख्याच्या वरच्या टोकाला असेल आणि पाणी भिंतीपासून दूर वाहत असेल, तर काम सोपे आहे. भिंत उताराच्या बाजूने, म्हणजे आढ्यापासून (छपराच्या माथ्यापासून) वळचणीपर्यंत (त्याच्या खालच्या कडेपर्यंत) समांतर चढत गेलेली असेल, तर काम मध्यम आहे, आणि माझ्या अंदाजाने आपले घर याच प्रकारातले असावे. परंतु पाख्याचा उतारच भिंतीकडे असेल, म्हणजे जुन्या वळचणीपुढे नवी भिंत उभी राहिली असेल, तर नुसती पट्टी पुरणार नाही, तिथे पन्हळच करावी लागेल. जागेवर न जाता यापैकी कोणते हे मी सांगू शकत नाही, म्हणून तिन्हींचा विचार पुढे केला आहे.

त्याआधी पाणी नेमके कुठून येते याची खात्री करून घ्यावी, कारण आत जिथे थेंब पडतो तिथेच वर भोक असेल असे नसते. पाणी रिपेच्या (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीच्या) किंवा वाशाच्या खालच्या अंगाने धावत जाते आणि पहिल्या गाठीपाशी किंवा जोडापाशी सुटून पडते. देवरुखजवळच्या एका घरात मी दोन दिवस सांधा तपासत होतो, आणि पाणी येत होते ते तिथून आठ फूट वर असलेल्या नव्या खोलीच्या खिडकीच्या उंबऱ्यातून. ते गिलाव्याच्या मागून खाली उतरून नेमके सांध्यावर बाहेर पडत होते. त्या घरात कितीही चांगली पट्टी बसवली असती तरी उपयोग झाला नसता.

ही तपासणी कोरड्या हवेत पाण्याच्या नळीने करता येते. एक माणूस आत टॉर्च घेऊन उभा राहतो आणि दुसरा बाहेरून पाणी सोडतो. सुरुवात नेहमी खालून करावी. आधी वळचणीकडची चार कौले, मग हळूहळू वर, प्रत्येक जागी दहा ते पंधरा मिनिटे. भिंत अजून भिजवायची नाही. कौले आणि सांधा भिजवून पाणी आले तर दोष सांध्याचा. सांधा ताडपत्रीने झाकून फक्त वरची भिंत भिजवल्यावर पाणी आले तर दोष भिंतीचा, म्हणजे गिलाव्याच्या चिरा, स्लॅब आणि विटा किंवा ब्लॉक यांच्या मधली फट, बाहेर आलेला पाइप, किंवा माझ्या उदाहरणातला खिडकीचा उंबरा. दोन्ही ठिकाणी पाणी आले तर दोन्ही कामे करावी लागतील. घाई केली आणि पहिल्याच मिनिटाला वरून खालपर्यंत सगळे भिजवले, तर या तपासणीतून काहीही कळत नाही.

त्याच वेळी पाख्याचा उतारही मोजून घ्यावा. मंगलोरी कौलांना ३० अंशांच्या आसपास उतार हवा, म्हणजे एक मीटर आडव्या अंतरात सुमारे ५८ सेंटिमीटर चढ. नवी खोली जोडताना पुष्कळदा भिंतीलगतचे वासे थोडे उचलून किंवा तोडून बसवलेले असतात आणि शेवटच्या चार फुटांत उतार मोडलेला असतो. तसे असेल तर नैर्ऋत्येकडून झड आली की पाणी कौलाखाली उलटे चढते. अशा ठिकाणी आधी सुताराला बोलावून वासे सरळ करून घ्यावेत, पट्टीचे काम त्यानंतर.

आता मुख्य काम. पट्टी एका तुकड्याची नसावी, दोन भागांची असावी. खालचा भाग छपराचा आणि वरचा भाग भिंतीचा. हे दोन भाग एकमेकांवर चढलेले असावेत, पण एकमेकांना जोडलेले नसावेत. सगळे मर्म एवढ्यात आहे. माझ्या पहिल्या काही वर्षांत मी एकच रुंद पत्रा घेऊन त्याची एक कड भिंतीला आणि दुसरी वाशाला खिळे मारून पक्की केली होती. काम दिसायला अगदी नीटनेटके होते. पुढच्या जुलैत त्या घराच्या देवघरात पाणी आले. वर चढून पाहिले तर प्रत्येक खिळ्यापाशी पत्रा फाटून भोक लांबट झाले होते. छप्पर एका दिशेने हलले होते, भिंत दुसऱ्या, आणि पत्र्याला दोघांनी ओढले होते. ते काम मी पुन्हा स्वखर्चाने केले, आणि तेव्हापासून पत्र्याच्या दोन्ही कडा मी कधीही बांधत नाही.

भिंत उताराला समांतर असेल तेव्हा खालचा भाग कौलांच्या वर न घालता कौलांच्या खाली घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मंगलोरी कौलाची पाठ उंचसखल असते. वरून टाकलेला पत्रा तिच्यावर कधीच पूर्ण टेकत नाही आणि उरलेल्या पोकळीतून झडीचे पाणी आत येते. त्याऐवजी भिंतीलगतच्या रिपा थोड्या मागे कापून शेवटचा वासा आणि भिंत यांच्या मधे एक फळी बसवावी आणि तिच्यावर पत्र्याची अरुंद पन्हळ ठेवावी. पत्रा भिंतीवर २०० मिलिमीटर वर चढलेला असावा, तळाची रुंदी १५० मिलिमीटर असावी, आणि कौलांखालची कड २५ मिलिमीटर वर उचलून आत दुमडलेली असावी, म्हणजे पाणी ती ओलांडून लाकडावर जात नाही. कौले या दुमडीच्या पुढे येऊन थांबावीत, पण भिंतीला टेकू नयेत. ४० ते ५० मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी. कोकणात आंब्याफणसाची पाने आणि शेवाळ तिथे साचणारच, आणि हात किंवा काठी जाईल एवढी जागा नसेल तर ती पन्हळ दुसऱ्याच वर्षी तुंबते.

या पन्हळीच्या तळाला एकही खिळा मारू नये. दुमडलेल्या कडेला पत्र्याच्याच छोट्या क्लिपा अडकवून त्या फळीला ठोकाव्यात. भिंतीवर चढलेली बाजू भिंतीला नुसती टेकलेली असावी. तुकडे दोन ते अडीच मीटरपेक्षा लांब घेऊ नयेत आणि वरचा तुकडा खालच्यावर निदान १५० मिलिमीटर चढवावा. लांबीचे बंधन मी का घालतो तेही सांगतो. पहाटे आणि दुपारी पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यात तीन मीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा पत्रा जवळजवळ तीन मिलिमीटर लांब होतो. त्याला सरकायला जागा मिळाली नाही तर तो वाकतो किंवा फाटतो. खालच्या टोकाला ही पन्हळ वळचणीच्या पुढे निघून बाहेरच्या पन्हळीत पडली पाहिजे. ती भिंतीच्या कोपऱ्यातच संपवलेली मी अनेकदा पाहिली आहे. मग सबंध बाजूचे पाणी गोळा होऊन एकाच ठिकाणी जांभ्यात मुरते आणि खाली ओलीचा मोठा डाग उमटतो.

वरचा भाग भिंतीत शिरतो. ग्राइंडरने भिंतीत सलग खाच पाडावी. ती गिलाव्यातच संपता कामा नये, विटेत किंवा ब्लॉकमध्ये २५ मिलिमीटर गेली पाहिजे, नाहीतर गिलाव्यामागून उतरणारे पाणी पट्टीच्या पाठीमागे जाते. पट्टीची वरची कड त्या खाचेत घालून आत उलटी दुमडावी, पत्र्याच्याच घड्यांच्या पाचरी साधारण दीड दीड फुटावर मारून ती घट्ट करावी आणि मग खाच सीलंटने भरावी. पट्टी खाचेतून बाहेर येऊन खालच्या पत्र्याच्या उभ्या बाजूवर निदान ७५ मिलिमीटर, आपल्याकडच्या झडीचा विचार करता १०० मिलिमीटर, लोंबती राहिली पाहिजे. छप्पर हलले की खालचा पत्रा तिच्या मागे सरकतो, आणि पावसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

खाच पाडताना दोन गोष्टींना जपावे. काँक्रीटचा कॉलम किंवा बीम मधे आला तर त्यात खाच पाडू नये. आतली सळई २५ ते ४० मिलिमीटरवरच असते, आणि तिथपर्यंत दमट खारी हवा पोचली की सळई गंजून काँक्रीट फुटते. एवढ्या भागात अॅल्युमिनियमची जाड पट्टी स्टेनलेस स्क्रूने दाबून बसवावी आणि तिच्या वरच्या कडेला सीलंट भरावे. दुसरे म्हणजे भिंत जांभ्याची असेल तर चिऱ्याला मूळचीच भोके असतात, म्हणून खाचेच्या आतली भोके चुन्याच्या किंवा सिमेंटच्या मसाल्याने भरून, वाळवून, मगच पत्रा घालावा. पट्टीच्या वरची उघडी जांभ्याची भिंत पाणी पिते, तिला गिलावा किंवा निदान पाणी रोखणारा लेप द्यावाच लागेल.

साहित्याबद्दल थोडे. किनाऱ्यापासून जवळच्या गावांत साधा जस्ती पत्रा मी वापरत नाही. संगमेश्वर किनाऱ्यापासून आत आहे, त्यामुळे तिथे चांगल्या रंगाचा गॅल्व्हॅल्यूम (अॅल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा चालेल. तरी जी वस्तू एकदा कौलांखाली गेली की पुन्हा दिसणार नाही, तिथे मी एक मिलिमीटरचा अॅल्युमिनियम घेतो. अॅल्युमिनियमला ओल्या सिमेंटचे वावडे आहे, सिमेंटमधला क्षार त्याला खातो. म्हणून मसाल्याला लागणाऱ्या भागावर आधी डांबरी रंगाचे दोन हात द्यावेत. त्यात लोखंडी खिळे किंवा तांब्याची तार वापरू नये, ओलीत दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यातला एक झिजतो. स्क्रू स्टेनलेसचेच घ्यावेत. सीलंट पॉलियुरेथेनचे किंवा न्यूट्रल सिलिकॉनचे घ्यावे. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन काच आणि फरशीसाठी ठीक आहे, पण ते सिमेंटला नीट धरत नाही आणि जस्ताला खाते. डांबराची चिकटपट्टी मात्र केवळ एका पावसाची सोय समजावी, उन्हाने ती वाळून कडेला सुटते.

भिंत पाख्याच्या वरच्या टोकाला असेल तर खालचा पत्रा कौलांवरूनच येतो. तो वरच्या ओळीच्या कौलांवर निदान १५० मिलिमीटर उतरला पाहिजे, आणि त्याखालच्या पोकळ्या फोमच्या पट्टीने बंद कराव्यात म्हणजे झडीचे पाणी आणि वटवाघळे दोन्ही आत येत नाहीत. बाकी भिंतीकडचा भाग वर सांगितल्याप्रमाणेच.

उतार भिंतीकडे असेल तर आधी पाण्याचा हिशोब करावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सहा मीटर रुंद आणि चार मीटर लांब पाखे असेल आणि तासाला ५० मिलिमीटरची सर आली, तर मिनिटाला २० लिटर पाणी त्या भिंतीवर येऊन आदळते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, आणि अशा सरी तिथे अपवादाच्या नाहीत. तिथे पाऊल मावेल एवढी, म्हणजे ३०० मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर खोल पन्हळ करावी, दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार द्यावा, दोन्ही टोकांना १०० मिलिमीटरचे पाइप काढावेत, आणि पाइप तुंबलाच तर पाणी बाहेर पडेल अशी एक जादा नळी कौलांच्या कडेपेक्षा खालच्या पातळीवर ठेवावी. ही जादा नळी बहुतेक लोक खर्चात बसत नाही म्हणून वगळतात, आणि तीच पावसाळ्यातल्या रात्री घर वाचवते. हे काम गवंड्यावर एकट्यावर सोपवू नये, त्यात सुतार आणि पत्र्याचे काम करणारा दोघेही लागतात.

पत्र्याच्या शेडबद्दल आपण विचारले आहे. वासे कुजलेले असतील, वाळवी लागलेली असेल, किंवा उतार कुठेच पुरेसा नसेल, तर तिचा विचार जरूर करावा. परंतु केवळ या सांध्यासाठी शेड करणे मला पटत नाही. शेडचा पत्राही त्याच भिंतीला कुठेतरी भेटणार, आणि तिथे हीच पट्टी लागणार. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात ती नसेल तर आपली गळती फक्त दोन फूट वर सरकेल. शिवाय शेडला वाऱ्याचा उचल बसतो, त्यासाठी खांब जमिनीत पक्के घ्यावे लागतात. ज्या कौलांखाली आपण मे महिन्यातही झोपू शकता, त्या घराचे रूप त्या पत्र्याखाली झाकून जाईल, याचेही मला वाईट वाटेल.

एवढ्यावरून कामाचा क्रम असा ठरतो: दिवाळीनंतर नळीने तपासणी, मग जुनी सिमेंटची गोलाई पूर्ण उकरून काढणे, वासे आणि फळी नीट करणे, भिंतीच्या चिरा आणि वरचे दोष भरणे, आणि शेवटी पट्टीचे दोन भाग. सहा मीटर लांबीच्या सांध्याला सुतारकाम वगळता दोन माणसांना दोन ते तीन दिवस लागतात. मार्चपर्यंत हे उरकले तर आगोटीच्या आधी पुन्हा एकदा नळीने तपासून पाहता येते, आणि ती तपासणी झाल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नयेत.

सध्या पाऊस सुरू असल्यामुळे तोपर्यंत ताडपत्री टाकावी लागेल. ती सांध्यापासून सुरू करू नये. तिची वरची कड आढ्यावरून पलीकडे जाऊ द्यावी आणि भिंतीकडची कड भिंतीच्या माथ्यावरून घेऊन आतून बांधावी, नाहीतर ताडपत्रीच पाणी सांध्यात नेऊन ओतेल. शेवाळलेल्या कौलांवर पावसात कोणालाही चढवू नये, शिडी आणि आडवी फळी टाकूनच काम करावे. गळणाऱ्या जागेजवळून विजेची वायर गेली असेल तर त्या भागाचा फ्यूज आजच काढून ठेवावा.

पाख्याचा उतार भिंतीच्या कोणत्या बाजूला आहे आणि नवी भिंत चिऱ्याची आहे की ब्लॉकची, एवढे कळवलेत तर पत्रा किती लांबीरुंदीचा कापून घ्यायचा ते मी मापांसह सांगेन.